जुन्या कोटातला रोटर

१

पितळेची पट्टी नखाएवढी रुंद होती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखीच मंद होती. कुठे चमक नाही, कुठे ओरखडा नाही. काळ्या अंगात ती जिथे रुतली होती, त्या कोपऱ्यात हिरवट पापुद्रा धरला होता. तांब्याचं भांडं न घासता ठेवून दिलं की धरतो तसा. पापुद्र्यावर करड्या लोकरीचा एक धागा चिकटला होता.

तिने ती वस्तू तळहातावर उलटी केली, पुन्हा सुलटी केली. पाण्याचे नमुने तपासण्यात हयात गेली की माणसाला एक खोड लागते. आधी बघायचं, मग लक्षात ठेवायचं, आणि अर्थ लावायची घाई इतरांना करू द्यायची.

"ताई, दागिना आहे का तो, इतकं निरखायला?" धाकटा भाऊ म्हणाला. "रोटर आहे. दे इकडे, बसवू आणि मोकळे होऊ."

रोटर म्हणजे इंजिनातली ठिणगी एकेका प्लगला वाटून देणारा, अंगठ्याएवढा फिरता तुकडा. तो नसला की जुनी गाडी नुसती खोकते, पेट घेत नाही. या दोघा भावंडांच्या आत्याची गाडी सकाळपासून तशीच खोकत होती. शेवटी रोटरवर बसणारी टोपी उघडली तेव्हा रोटरची जागा रिकामी दिसली. भाऊ तडक घरात गेला, मधल्या बोळात खुंटीवर लटकणारा आत्याचा जुना कोट घेऊन आला, खिशात हात घातला, फाटक्या खिशातून तो अस्तरात कोपरापर्यंत घुसवला आणि सगळ्यांदेखत हा तुकडा बाहेर काढला.

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याची सवय कोणाला ठाऊक नव्हती? जनावरांची डॉक्टर म्हणून ती आडवाटेच्या गोठ्यांत जायची आणि गाडी सोडताना रोटर काढून खिशात टाकायची. "चोराने चावी खुशाल न्यावी," म्हणायची, "गाडीचं डोकं माझ्याजवळ आहे."

"मी काढलेला नाही," आत्या म्हणाली. गॅरेजच्या दारात ती काठीशिवाय ताठ उभी होती.

"असू दे गं, आत्या." भावाचा आवाज एकदम मऊ झाला होता. "या वयात होतं असं. कोणी काही म्हणत नाहीये."

या मऊपणानेच घात केला. आत्याने स्वतःचे दोन्ही हात समोर धरले आणि ते दुसऱ्या कोणाचे असावेत तशी त्यांच्याकडे बघत राहिली.

"की काढला मी?" ती म्हणाली.

२

एवढ्याशा तुकड्यावर काय अवलंबून होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

आत्या त्या घरात एकटी राहत होती. तिने आपल्याकडे राहायला यावं म्हणून भाऊ कधीचा मागे लागला होता. भाऊ पाण्याचे पंप विकायचा; नाही म्हणणाऱ्याला हो म्हणायला लावणं हा त्याचा धंदाच. पण आत्यापुढे त्याची डाळ शिजत नव्हती. मागे एकदा वाद विकोपाला गेला तेव्हा ती म्हणाली होती, "ज्या दिवशी माझं डोकं मला दगा देईल, त्या दिवशी माझी बॅग मी स्वतः भरीन. तोवर विषय बंद." आणि आत्याने दिलेला शब्द आजवर मोडलेला नव्हता.

गाडीचा प्रश्न असाच लोंबकळत होता. ती आता चालवायची नाही, हे ठरलं होतं. द्यायची कोणाला, ते ठरत नव्हतं. जुन्या गाड्या गोळा करणारा एक गृहस्थ ती विकत मागत होता. टोपी जराशी तिरकी घालणारा, अतिशय सभ्य माणूस. आत्या त्याला 'शौकीन' म्हणायची. दुसरी मागणी तंत्रशाळेची होती. तिथे मोटारीचं काम शिकवणाऱ्या बाईंना ही गाडी दान हवी होती, उभी कापून आतलं सगळं मुलांना दाखवता यावं म्हणून.

"कापणार?" शौकीन कळवळून म्हणाला होता.

"मग काय, हार घालणार?" बाई म्हणाल्या होत्या.

आत्या दोघांचं ऐकायची आणि "बघू" म्हणायची. अखेर तिने दोघांना एकदमच बोलावलं. काल गाडी पुसली, आज निर्णय सांगणार होती. भावाने नवी बॅटरी आणली. कंपाउंडरकाका, आत्याबरोबर सगळे गोठे हिंडलेले, बॉनेटमध्ये डोकं घालून बसले. डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे रोटरवरच्या त्या टोपीच्या, क्लिपा त्यांनीच उघडल्या. त्या दाबण्याइतका जोर आत्याच्या अंगठ्यांत आता उरला नव्हता. मग आत्या स्टिअरिंगवर बसली आणि गाडी पहिल्या झटक्यात पेटली. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत ती मांजरासारखी गुरगुरत होती. मग ती बंद केली. त्यानंतर गप्पांना सगळे घरात होते, पण कोण मध्येच उठून गाडीपाशी गेलं आणि कोण नाही, हे कोणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी गॅरेजला कुलूप लागलं. किल्ली आत्याजवळ.

"तो बसवू नकोस," पुतणी म्हणाली आणि रोटर मुठीत धरला.

"अगं, का?"

"बसवला तर त्याच्यावर जे आहे ते पुसलं जाईल."

"काय आहे त्याच्यावर?"

"ते अजून मला कळायचंय."

आत्याने मान वर केली. लहानपणी पुतणी प्रत्येक गोष्ट डोळ्याला लावून बघायची म्हणून तिने तिला 'भिंग' नाव ठेवलं होतं. भाऊ सतत आत्याच्या मागे मागे, म्हणून तो 'शेपूट'.

"भिंगा," आत्या हळूच म्हणाली, "माझी दया येऊन खोटं बोलू नकोस हं. जे असेल ते सांग."

"मी कधी खोटं बोललेय?"

"नाही. म्हणून तर भीती वाटते."

३

तिने आधी शौकिनाला गाठलं. तो अंगणाच्या कठड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"तुम्हाला बंद गाडी चालली असती?"

"ताई, माझ्या दालनातल्या निम्म्या गाड्या आल्या तेव्हा बंदच होत्या. रोटरसाठी मी गाडी सोडीन? माझ्याकडे याच जातीचे रोटर डबाभर पडलेत." तो थोडा थांबला. "मला वाईट वाटतंय ते डॉक्टरांचं. त्यांचा चेहरा बघवत नाही."

शिकवणाऱ्या बाई निळ्या डगल्यात, हाताची घडी घालून गाडीला टेकल्या होत्या.

"मला विचारायच्या आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "चालू गाडी मिळाली तरी मी ती पहिल्याच दिवशी बंद करणार. मेलेली मिळाली तर तेवढं पाप वाचलं. मी चोरी कशाला करू?"

"ही टोपी एकदा आतून बघू?"

"बघा की. हे मधलं काळं बोंड दिसतंय? कार्बनचं आहे. स्प्रिंगवर असतं, रोटरच्या पितळेवर टेकतं आणि रोटर फिरत असेपर्यंत घासत राहतं."

पुतणीने क्लिपा पाहिल्या. त्यांच्यावर जुन्या ग्रीसचा थर होता. थरात बोटांचे गुळगुळीत दाब उमटले होते. पेचकस किंवा सांडशी लागल्याची एकही रेघ नव्हती.

कंपाउंडरकाका मागच्या पायरीवर बसले होते. डोळे लाल.

"काका, गाडी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटतं. मग? मला ती थांबवायचीच असती पोरी, तर एक चाक काढून घरी नेलं असतं. कोटात कशाला ठेवू? आणि त्या कोटात तर मुळीच नाही."

"त्या म्हणजे?"

"तो करडा कोट डॉक्टरांनी किती वर्षांत अंगाला लावलेला नाही. एका गाईचं वासरू आडवं आलं होतं. डॉक्टर खांद्यापर्यंत आत. कोट असा माखला की धुऊनही डाग जाईनात. आणि वर निघताना बघतो तर रोटर गायब! सगळा पेंढा उपसला. शेवटी चालत घरी आलो, दोघं एकमेकांवर चिडत. दुसऱ्या दिवशी नवा रोटर, नवा निळा कोट. तेव्हापासून डॉक्टर म्हणाल्या, खिशावर भरवसा नाही. रोटर साबणाच्या डबीत घालायच्या आणि डबी बॅगेत."

"हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"मला आणि त्यांना. तुम्ही दोघं तेव्हा शिकायला बाहेर होतात."

ती उठली. बोळात दोन खुंट्या होत्या, एकीवर निळा कोट. करडा भावाने खुर्चीवर टाकला होता. तिने तो मांडीवर घेतला आणि खालची शिवण बोटांनी चाचपत गेली, जशी आत्या एखाद्या वासराचं पोट चाचपत जायची. कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं.

अस्तरात अजून एक तुकडा होता.

४

गाडीच्या बॉनेटवर तिने हातरुमाल पसरला आणि त्यावर दोन रोटर शेजारी शेजारी ठेवले. सगळे भोवती आले. भाऊ सर्वांत शेवटी आला.

"दोन?" शौकिनाने टोपी डोक्यावरून काढली.

"दोन. हा दुसरा बघा. मधोमध मसुराच्या दाण्याएवढी टिकली आहे, आरशासारखी चकचकीत. कार्बनचं बोंड घासून ती चमकते. बुडाला ओलं तेल आहे. काल गाडीत फिरत होता तो हा. आणि सकाळी कोटातून निघाला तो हा पहिला. चमक नाही, तेल नाही, कोपऱ्यात हिरवा पापुद्रा. काल तासन्‌तास नव्हे, क्षणभरसुद्धा हा इंजिनात फिरलेला नाही. हा तोच, गाईच्या बाळंतपणाच्या वेळी हरवलेला. हरवला नव्हताच, खिशाच्या भोकातून अस्तरात उतरला होता."

"अगंबाई!" आत्या म्हणाली. "आणि मी त्या गोठ्यातल्या माणसावर संशय घेतला होता."

"पण ताई," भाऊ म्हणाला, "याने काय सिद्ध झालं? कालचाही कोटातच सापडला ना? मग आत्यानेच ठेवला. विसरणारी माणसं जुन्या सवयीकडे वळतात. कुठल्याही डॉक्टरला विचार."

आत्याने डोळे मिटले. पुतणीला तिच्याकडे बघवलं नाही, पण ती थांबली नाही.

"खरंय. आठवण जुन्याकडे वळते. पण अंगठे वळत नाहीत. टोपीच्या क्लिपा काल आत्याला उघडता आल्या नव्हत्या, म्हणून काकांनी उघडल्या. हत्यार लावलं असतं तर ग्रीसवर रेघ उठली असती. रेघ नाही. नुसत्या बोटांनी दाबून कोणीतरी त्या उघडल्या. ते आत्याचे हात नव्हेत."

आत्याने डोळे उघडले. उजवा अंगठा तर्जनीवर दाबून पाहिला. तो थरथरला आणि घसरला. अंगठ्याने दगा दिला म्हणून इतका आनंद झालेला माणूस पुतणीने याआधी पाहिला नव्हता.

"मग कोण?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"मी सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारत होते. गाडी कोणाला थांबवायची होती, असा. पण रोटर नसल्याने काहीच थांबत नव्हतं. यांना बंद गाडी चालते, तुम्हाला तर बंदच हवी. काकांना थांबवायची असती, तर त्यांनी तो सापडेल अशा जागी ठेवला नसता. सापडेल अशा जागी तोच ठेवतो, ज्याला तो सापडायला हवा असतो."

तिने पहिला रोटर उचलून हातात घेतला.

"ज्याने ठेवला, त्याला खिशाची सवय माहीत होती. साबणाची डबी माहीत नव्हती. निळा कोट शेजारी असताना त्याने करडा निवडला, कारण त्याच्या आठवणीत आत्या करड्या कोटातच आहे. त्याचं बोट धरून गोठे हिंडायची, त्या दिवसांतली." तिचा आवाज आता बारीक झाला. "खिसा फाटका आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. रोटर खाली उतरला. सकाळी त्याने हात घातला, आत काहीतरी हाताला लागलं आणि न बघताच ते वर धरलं. बघायची गरजच नव्हती. काय निघणार हे त्याला माहीत होतं."

भाऊ खाली बघत होता.

"शेपूट," आत्या म्हणाली. "इकडे ये."

५

तो आला. एवढा मोठा पंपवाला, दोन मुलांचा बाप, पण चालणं तेच, मार खायला येणाऱ्या पोराचं.

"आत्या, मी..."

"मी नंतर विचारते. आधी ऐक. सकाळपासून मी माझ्या हातांना चोर समजत होते. मनातल्या मनात बॅग भरायलासुद्धा घेतली. कुठली साडी न्यायची, कुठली ठेवायची, इथपर्यंत आले होते. समजतंय तू काय केलंस?"

"तू न्हाणीघरात पडलीस," तो एकदम म्हणाला. "पडून राहिलीस. कोणाला फोन नाही, हाक नाही. काकांनी सांगितलं म्हणून मला कळलं. तेव्हापासून फोन वाजला की काळजात धस्स होतं माझ्या. तुला शंभरदा सांगून पाहिलं. तू म्हणतेस डोकं शाबूत आहे. मग म्हटलं, तुझं तुलाच वाटलं तर..."

"तर मी येईन."

"हो."

"आले असते," आत्या म्हणाली. "शब्द दिला होता, आले असते. तुझ्या घरी कोपऱ्यातल्या खोलीत बसून रोज सकाळी विचार केला असता, आज आणखी काय विसरले."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शौकीन अदबीने दुसरीकडे बघू लागला. कंपाउंडरकाका मात्र मुळीच दुसरीकडे बघत नव्हते. एक कानफटात वाजायची ते वाट बघत होते, हे त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

"घाबरलेलं जनावर लाथ मारतं," आत्या म्हणाली. "मी पुष्कळ खाल्ल्या. त्याचा राग धरला असता तर एकही गाय वाचली नसती. पण गाईला बोलता येत नाही, तुला येतं. भीती वाटली तर तोंडाने सांग, भीती वाटते म्हणून. रोज सकाळी फोन कर. नाही उचलला तर धावत ये. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून दे. तू पंप बसवतोस ना भिंतीत? मग दांडा बसव."

"आजच बसवतो," तो रडतच म्हणाला.

"आज नको, आज तुझे हात थरथरतायत. भोकं वाकडी पडतील."

पहिल्यांदा कोणीतरी हसलं. बहुतेक शिकवणाऱ्या बाई.

आत्याने मग पुतणीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. "भिंगा," ती म्हणाली, "समोर मी असूनसुद्धा, खरं काय ते शोधताना तुझा हात हलला नाही. मी तुझ्या जागी असते तर हलला असता."

पुतणीला आयुष्यात बक्षिसं मिळाली होती, फलकावर नाव लागलं होतं. त्यातलं काही या वाक्याच्या पासंगालाही पुरलं नसतं. तिने उगाच हातरुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

आत्या गाडीकडे वळली. बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली.

"शिकत होते तेव्हा पहिल्याच दिवशी समोर एक मेलेली घोडी होती," ती म्हणाली. "कोणाची तरी लाडकी. मालक दारात उभा होता आणि आमचे गुरुजी त्याला म्हणाले, तुम्ही जा आता. तो गेला नाही. शेवटपर्यंत उभा राहिला. त्या घोडीत मी पहिल्यांदा हृदय पाहिलं. चित्रातलं नव्हे. माझ्या हातून पुढे जेवढी जनावरं उठून उभी राहिली, ती तिच्या जिवावर." तिने शौकिनाकडे पाहिलं. "तुमच्याकडे ही नवरीसारखी नटून राहील, मला माहीत आहे. कोणी हात लावायचा नाही. चांगला विचार आहे तुमचा. रागावू नका हं."

"रागावेन कसा, डॉक्टर," तो म्हणाला. त्याला पुढचं कळलं होतं.

"इतके दिवस 'बघू' म्हणत राहिले. म्हटलं, आपल्या हाताने कसं द्यायचं हिला असं? तो घोडीवाला आठवायचा. आज सकाळी वाटलं, आता आपल्याला विचारणारच नाही कोणी. शेपूट ठरवेल, नाहीतर काका रडतील त्याप्रमाणे होईल. तेव्हा कळलं की माझं ठरलेलंच होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं."

"आत्या, कापतील गं तिला," भाऊ म्हणाला. "मी मागच्या सीटवर झोपायचो."

"सीट तू घेऊन जा."

मग ती शिकवणाऱ्या बाईंना म्हणाली, "तुमचं ते कापायचं यंत्र. जड असतं का फार?"

"दोन्ही हातांनी धरलं तर पेलतं, डॉक्टरबाई. अंगठ्याचं फारसं काम नाही. मनगटात दम लागतो."

"मनगट शाबूत आहे," आत्या म्हणाली. तिने पाठ सरळ केली, बॉनेटवरचा हात उचलला आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशा तिच्या जुन्या आवाजात सगळ्यांना सांगितलं:

"गाडी तंत्रशाळेला द्यायची. कापायला. आणि पहिला काप मी घालणार."